मास्तरणीचं वजन

मुलीच्या बाळंतपणासाठी निघताना बायकोने पासंगसाहेबांना घराबद्दल एक सूचना दिली आणि कोंबड्यांबद्दल चाळीस. घराबद्दलची एवढीच, की कुलूप लावल्यावर एकदा ओढून बघा. कोंबड्यांबद्दलच्या सूचना गाडीत बसेपर्यंत चालू होत्या आणि शेवटची तिने काच खाली करून दिली.

"पाच ठेवून चाललेय. दीड महिन्याने येईन तेव्हा पाच दिसल्या पाहिजेत."

"दिसतील," पासंगसाहेब म्हणाले. "आणि आहेत त्यापेक्षा वजनदार दिसतील."

पासंगसाहेब हे काही त्यांचं नाव नव्हे. वजनमापांच्या खात्यात छत्तीस वर्षं निरीक्षकाची नोकरी केल्यावर बाजाराने दिलेली ती पदवी होती. दुकानात शिरले की ते नमस्कार-चमत्काराच्या भानगडीत न पडता थेट तराजूपाशी जात, दोन्ही पारडी रिकामी करत आणि एका पारड्याच्या बुडाला मेणाचा गोळा नाहीतर शिशाचा तुकडा चिकटवलेला आहे का, ते बोटाने चाचपत. असे चोरटे पासंग त्यांना एकट्याला जितके सापडले तितके बाकी खात्याला मिळून सापडले नसतील. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी पदवी काही निवृत्त झाली नाही. "काटा कधी खोटं बोलत नाही, बोलतो तो माणूस," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते त्यांनी स्वतःच्या लग्नातही कुणाला तरी ऐकवलं होतं, असं सासरची माणसं सांगत.

कोंबड्या बायकोच्या. चार वर्षांपूर्वी तिने बुटांच्या खोक्यातून पाच पिल्लं घरी आणली, तेव्हा साहेबांनी घाण, आवाज आणि शेजारी अशा क्रमाने विरोध केला होता. पण पिल्लं वाढू लागली तसा माळ्यावरचा जुना तराजू त्यांना आठवला. खात्याने मोडीत काढलेला आणि यांनी विकत घेतलेला तो दांडीचा तराजू, सोबत पितळी वजनांची लाकडी पेटी. एक पारडं काढून त्यांनी तिथे वेताची टोपली टांगली, आणि तेव्हापासून दर रविवारी सकाळी साडेसात वाजता परसात वजनं होऊ लागली. कोंबडीला टोपलीत ठेवून वर पंचा टाकला की रात्र झाली असं समजून ती गप्प बसे. पाच कोंबड्या, पाच आकडे, ते स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रविवारच्या चौकोनात बारीक अक्षरात लिहायचे आणि हात धुवायचे. निवृत्त माणसाला आठवड्यातून अर्धा तास तरी पुन्हा साहेब होता येत असेल, तर त्यात वाईट काय?

बायकोचं त्या कॅलेंडरशी काही देणंघेणं नव्हतं. ती संध्याकाळी खुराड्याच्या दारात पाटावर बसे आणि आत जाणारी एकेक कोंबडी क्षणभर मांडीवर घेई. छातीवरून अंगठा फिरवायचा, पोटाखाली तळवा धरायचा, तुरा बघायचा, डोळा बघायचा, आणि "जा" म्हणून सोडायची. चहाला उकळी येईपर्यंत तिच्या पाचही तपासून झालेल्या असत. साहेब एकदा आकडे वाचून दाखवायला लागले तेव्हा ती म्हणाली होती, "हातच्या काकणाला आरसा कशाला?"

"तुझ्या हातावर खात्याचा शिक्का नाही," साहेब म्हणाले होते. हे उत्तर त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं की पुढे वर्षभर त्यांनी ते पाहुण्यांना सांगितलं.

चाळीस सूचनांमधल्या निम्म्या या हात लावण्याबद्दलच्या होत्या. शेपूट वर आहे का बघा. गळ्याखालची पिशवी संध्याकाळी भरलेली आणि सकाळी रिकामी पाहिजे. विष्ठा बघा, नाक मुरडू नका. कोण बाजूला उभी राहते ते बघा. "कोंबडी आजारी पडली तरी ताकास तूर लागू देत नाही," ती म्हणाली होती. "अशक्त दिसली की बाकीच्या टोचून काढतात. म्हणून ती शेवटपर्यंत धडधाकट असल्याचं सोंग करते. नुसतं बघून कळेल तोवर उशीर झालेला असतो." साहेबांनी हे या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. त्यांच्याकडे तराजू होता.

पाचांत म्होरकी होती ती मास्तरीण. राखाडी अंगावर पांढरे ठिपके, चाल संथ, मान ताठ. सकाळी खुराड्यातून पहिली ती बाहेर पडणार आणि बाकीच्या चार तिच्यामागे, शाळेच्या रांगेसारख्या. दाण्यांवरून जुंपली तर मधे जाऊन उभी राहणार. बायको कपडे वाळत घालायला निघाली की दोरीपर्यंत मागे जाणार आणि बादलीशेजारी थांबणार. बायकोचा तिच्यावर जीव होता, आणि ती गोष्ट तिने कधी लपवलीही नव्हती. साहेबांच्या मागे मात्र मास्तरीण कधी गेली नाही. गृहपाठ न केलेल्या मुलाकडे बघावं तशी ती त्यांच्याकडे एका डोळ्याने बघे.

पहिले दोन रविवार सुरळीत गेले. मास्तरीण एकोणीसशे ग्रॅम, पुन्हा एकोणीसशे. तिसऱ्या रविवारी एकोणीसशे साठ. साहेबांनी संध्याकाळच्या फोनवर आधी नातवाची चौकशी केली, मग खाकरून आकडे सांगितले.

"मास्तरीण साठ ग्रॅम वाढली," ते म्हणाले. "तुझ्या मागे जास्त खातेय, असं दिसतंय."

"अंडी?"

"या आठवड्यात तिचं नाही. सुट्टीवर असेल."

"तुरा कसा आहे?"

"आहे की डोक्यावर."

"अहो, रंग विचारतेय मी. आणि शेपूट?"

"शेपूटही आहे जागेवर. अगं, साठ ग्रॅम वाढली म्हणतोय मी. आजारी प्राणी वाढतो का कधी?"

पलीकडून बाळ रडलं आणि फोन ठेवला गेला.

चौथ्या रविवारी ती दोन हजार चाळीस भरली. अंडं बंद ते बंदच. साहेबांनी त्याचा हिशेब असा लावला, की अंड्यात जाणारं खाणं आता अंगी लागत असणार. हिशेब वरवर पाहता चुकीचाही नव्हता. शेजारची शिवणवाली कुंपणावरून रोज डोकावायची. दिवसभर बायकांच्या अंगाची मापं घेणारी ती, तिची नजर पक्की होती.

"काका, तुमची मास्तरीण चालतेय कशी बघितलंत?" ती म्हणाली. "पाय फाकून. नववा महिना लागल्यासारखी."

"वजन वाढलंय तिचं. दोन किलोच्या वर गेलीय."

"पोटात वाढलंय हो. मान बघा तिची, काडीसारखी झालीय."

"तुम्ही टेपने मोजता, मी तराजूने मोजतो," साहेब म्हणाले. शिवणवालीने तोंडातल्या टाचण्या काढल्या, काहीतरी बोलणार होती, पण पुन्हा टाचण्या तोंडात धरून ती आत गेली.

पाचव्या रविवारी काटा दोन हजार एकशे पन्नासला मधोमध थांबला. साहेबांनी शंभराचं वजन काढून पुन्हा ठेवून बघितलं, दांडी दोनदा झुलवून बघितली. अडीचशे ग्रॅमची वाढ. कॅलेंडरवर त्यांनी त्या आकड्याखाली रेघ ओढली. टोपलीवरचा पंचा काढला तरी मास्तरीण उठली नाही, हे त्यांनी पाहिलं. सवय झाली असेल, असं मनाशी म्हणून त्यांनी तिला हळूच खाली उतरवलं.

मंगळवारी सकाळी खुराड्याचं दार उघडलं तर पहिली बाहेर आली ती भांडकुदळ, लाल रंगाची आणि नावाला जागणारी. तिच्यामागे दोन, मग एक. मास्तरीण सर्वांत शेवटी, तीही दारातच थांबून. साहेबांनी दाणे टाकले. चौघी तुटून पडल्या. मास्तरीण आली, मान खाली घातली, एक दाणा चोचीत घेतला आणि टाकून दिला. पुन्हा घेतला, पुन्हा टाकला. लांबून बघणाऱ्याला ती खातेय असंच वाटलं असतं, आणि गेले किती दिवस साहेब लांबूनच बघत होते. तेवढ्यात भांडकुदळ वळली आणि तिने मास्तरणीच्या डोक्यावर एक सणसणीत टोच मारली. मास्तरीण प्रतिकार न करता पाण्याच्या टाकीच्या आडोशाला गेली, पिसं फुगवून उभी राहिली आणि तिने डोळे मिटले. शेपूट जमिनीला टेकलं होतं.

साहेब टाकीपाशी गेले, वाकले आणि त्यांनी तिला दोन्ही हातांनी उचललं. चार वर्षांत शेकडो वेळा त्यांनी तिला टोपलीत घातलं होतं, पण ते पंचात गुंडाळून, चोच आणि नखं लागू नयेत अशा बेताने. नुसत्या हातांनी ही पहिलीच वेळ. अंगठा छातीवर गेला आणि तिथे मांसाऐवजी हाड लागलं, सुरीच्या पाठीसारखं. दोन्ही बाजूंना खळगे. मग त्यांनी तळवा पोटाखाली नेला. तिथे पखालीसारखं काहीतरी तट्ट भरलेलं होतं आणि बोटाने दाबलं की पलीकडे सरकत होतं.

त्यांना एक बाई आठवली. वीसेक वर्षांपूर्वी बाजारात तिने त्यांना रस्त्यात गाठलं होतं. गाद्या भरणारी बाई. तिने कापसाचं गाठोडं त्यांच्यासमोर उघडून आत घातलेला हात ओला होऊन आलेला दाखवला होता. "साहेब, त्या कापूसवाल्याचा काटा बरोबर आहे हो, तुम्हीच शिक्का मारलाय. पण मी कापूस म्हणून पाणी घेऊन आले, त्याचं काय?" साहेबांनी तिला शांतपणे समजावलं होतं, की काटा बरोबर आहे की नाही एवढंच आपण बघतो, पोत्यात काय आहे ते दुसऱ्या खात्याचं काम. बाईने गाठोडं बांधलं आणि ती गेली. आपण नियमाप्रमाणे बोललो याचं तेव्हा त्यांना समाधानच वाटलं होतं. आता परसात कोंबडी हातात धरून उभं असताना त्यांना लाज वाटली, त्या बाईची नव्हे, स्वतःच्या उत्तराची. आणि मग भीती वाटली, कारण हे पाणी तिसऱ्या रविवारपासून भरत होतं, आणि प्रत्येक वेळी त्यांनी ते आनंदाने कॅलेंडरवर लिहिलं होतं.

जनावरांच्या दवाखान्यातली डॉक्टरीण पन्नाशीची, दणकट, कोपरापर्यंत बाह्या सरसावलेली. तिच्याकडे गाई-म्हशी आणि कुत्री येत. कोंबडी घेऊन आलेला माणूस तिला वर्षातून दोनदा भेटे. टोपलीतून मास्तरणीला काढून तिने टेबलावर ठेवलं, तुरा पाहिला, चोच उघडून आत पाहिलं, छातीवरून अंगठा फिरवला, पोटाखाली तळवा धरला. अगदी बायकोच्याच क्रमाने. साहेबांनी नजर दुसरीकडे वळवली.

"बाकीच्या?"

"चार आहेत. ठणठणीत आहेत." मग ते थांबले. "म्हणजे, मी हात लावून बघितलं नाही."

"आज बघा. ही पसरणारी गोष्ट नाही वाटत, तरी हिला वेगळी ठेवा आणि हात साबणाने धुवा. अंडं कधीपासून बंद?"

"महिना होईल."

"आणि तुम्ही आज आलात?"

"वजन वाढत होतं," साहेब म्हणाले.

डॉक्टरणीने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. ती चिडली नाही. गोठ्यातल्या लोकांची याहून मोठी शहाणपणं तिने पाहिली असावीत. "अंड्याच्या वाटेत बिघाड झालाय," ती म्हणाली. "बलक पोटात उतरत असेल, किंवा आत गाठ असेल. कापून बघितल्याशिवाय नक्की सांगता येत नाही आणि कापलं तर ही टिकणार नाही. पोटात पाणी झालंय, त्याने श्वास दाबला जातोय. पाणी काढता येईल. चार-पाच दिवस बरं वाटेल. पुन्हा भरेल."

"आणि महिन्यापूर्वी आणली असती तर?"

"कदाचित थोडे महिने जास्त मिळाले असते. कदाचित नसतेही. पण त्रास कमी झाला असता, एवढं नक्की."

पाणी काढायला वीस मिनिटं लागली. साहेबांनी मास्तरणीला धरलं आणि डॉक्टरणीने पोटाखालची चार पिसं उपटून सुई घातली. वाळल्या गवताच्या रंगाचं पाणी सिरिंजमध्ये येत राहिलं, डॉक्टरीण मधे मधे थांबत राहिली, एकदम काढलं तर झटका बसतो म्हणाली. काचेच्या मापात ते साडेचारशेच्या रेघेपर्यंत चढलं. वजाबाकी साहेबांच्या डोक्यात आपोआप झाली. सतराशे. म्हणजे मास्तरीण दोनशे ग्रॅमने झिजली होती, आणि झिजताना वाढत गेली होती.

घरी येऊन त्यांनी न्हाणीघरात खोक्यात गवत घालून तिची सोय केली. मग पाटावर बसून बाकीच्या चौघींना एकेक करून मांडीवर घेतलं. भांडकुदळीने मनगटावर ओरखडा काढला. अंगठा कुठे फिरवायचा ते त्यांना नीटसं कळत नव्हतं, पण चौघींच्या हाडाभोवती मांस होतं एवढं कळलं.

संध्याकाळी अवेळी बायकोचा फोन आला. येत्या सोमवारी सकाळी अकरापर्यंत पोचते, एवढं सांगायला. मग नेहमीचा प्रश्न.

"कोंबड्या?"

साहेबांच्या समोर कॅलेंडर होतं आणि त्यावर ती रेघ. तिला उगीच काळजी, हातात महिन्याचं बाळ, सहा दिवसांवर आलेला प्रवास, असं सगळं त्यांच्या मनात आलं. कारण सापडलं की माणसाला धीर येतो.

"सगळ्या बऱ्या आहेत," ते म्हणाले.

छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या दांड्या तपासणाऱ्या माणसाने त्या दिवशी पहिल्यांदा स्वतः दांडी मारली, मापात पाप केलं.

आणि गंमत अशी, की बुधवारी त्यांचं खोटं खरं ठरेल असं वाटू लागलं. मास्तरीण खोक्यातून उठली. पाण्यात भिजवलेले दाणे तिने खाल्ले, टाकले नाहीत. दुपारी तिने न्हाणीघराच्या उंबऱ्यावर येऊन साहेबांकडे एका डोळ्याने पाहिलं, पूर्वीसारखंच, नाराजीने. साहेबांना इतका आनंद झाला की ते शिवणवालीला कुंपणापाशी बोलावून आणून दाखवते झाले. गुरुवारी त्यांनी तिला थोडा वेळ उन्हात सोडलं. ती कपड्यांच्या दोरीपर्यंत चालत गेली, बादली नव्हती तिथे उभी राहिली, आणि परत आली. सोमवारपर्यंत चार दिवस. साहेब बोटांवर मोजत होते. पाच दाखवायच्या, मग सगळं सविस्तर सांगायचं, मग जे व्हायचं ते होईल.

शुक्रवारी दुपारनंतर पोट पुन्हा ताणलं. शनिवारी सकाळी ती खोक्यात चोच उघडी टाकून बसली होती आणि प्रत्येक श्वासाला तिचं शेपूट वरखाली होत होतं. तुरा जांभळट पडला होता. साहेबांनी तराजूकडे पाहिलंही नाही. टोपली दांडीवरून सोडवली, तिच्यात पंचा अंथरला, आणि दवाखान्याचं दार उघडायच्या आधी ते पायरीवर जाऊन बसले.

डॉक्टरणीने या वेळी फार तपासलं नाही. "पाणी काढू शकते मी," ती म्हणाली. "या वेळी दोन दिवस मिळतील, तेही कसेबसे. अंगात काही उरलेलं नाही तिच्या. किंवा इंजेक्शन देते, झोपेत जाईल."

"सोमवारी बायको येतेय."

"बरं."

"कोंबडी तिची आहे."

डॉक्टरणीने हात पुसले. "मग सोमवारपर्यंत ओढून धरायची की नाही, हे तिला विचारा. हिला काय वाटतं ते दिसतंच आहे."

साहेब टोपली घेऊन बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर आले. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस लंगड्या कुत्र्याला घेऊन बसला होता, तो थोडा सरकला. मास्तरणीला टोपलीतून काढून त्यांनी मांडीवर घेतलं. आडवं धरलं की तिचा श्वास कोंडतो हे आता त्यांना माहीत होतं, म्हणून छाती जरा उंच राहील असं धरलं. मग एका हाताने फोन लावला. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, आणि इथे तर झाकायला कोंबडीही राहणार नव्हती.

"अगं, मंगळवारी मी खोटं बोललो," ते म्हणाले.

"माहितेय."

"कसं काय?"

"तुम्ही आकडा सांगितला नाहीत," बायको म्हणाली. "बेचाळीस वर्षांत तुम्ही नुसतं 'बरं आहे' असं कधी म्हणालात? मी वाट बघत होते, कधी सांगताय त्याची. कोण? मास्तरीण?"

"हो."

त्यांनी सगळं सांगितलं. वजन, पाणी, डॉक्टरणीचं बोलणं, रविवारची रेघ. शिवणवालीचं म्हणणंही सांगितलं, आणि आपण तिला काय उत्तर दिलं तेही.

"शेपूट?" तिने विचारलं.

"खाली."

"तुरा?"

"जांभळट झालाय. डोळे मिटलेत. मधेच उघडते."

मग बायकोने असा प्रश्न विचारला, जो तिने चार वर्षांत कधीच विचारला नव्हता.

"वजन किती आहे?"

"केलं नाही," साहेब म्हणाले. कुत्र्याचा मालक दुसरीकडे बघू लागला. "हातात घेऊन बसलोय मी तिला."

"मग अंगठ्याला काय लागतं ते सांगा."

"हाड लागतं. दुसरं काही नाही."

"मग माझ्यासाठी नका थांबवू तिला," बायको म्हणाली. तिचं नाक चोंदल्याचं फोनवरही कळत होतं. "आत जा. आणि टेबलावर सोडून बाहेर येऊ नका. शेवटपर्यंत हात ठेवा."

साहेबांनी तसंच केलं. डॉक्टरणीने सुई टोचली तेव्हा मास्तरणीने एकदा डोळा उघडून त्यांच्याकडे पाहिलं. त्यात नाराजी होती की नव्हती, हे साहेबांना पुढेही कधी ठरवता आलं नाही. मग तिचा श्वास सावकाश झाला, मान त्यांच्या मनगटावर आली, आणि डॉक्टरीण "झालं" म्हणाली त्यानंतरही थोडा वेळ त्यांनी हात काढला नाही.

परत आल्यावर त्यांनी कपड्यांच्या दोरीखाली, बादली ठेवायच्या जागेशेजारी खड्डा खणला. कुत्री उकरू नयेत म्हणून चांगला खोल खणला आणि वर दगड बसवले. शिवणवाली नुसती कुंपणाशी उभी राहिली. रविवारी साडेसात वाजता वजनं झाली नाहीत. कॅलेंडरवरचा चौकोन कोरा राहिला.

सोमवारी बायको आली ती पिशवी ओट्यावर टाकून आधी परसात गेली. चार कोंबड्या टाकीपाशी माती उकरत होत्या. तिने त्या मोजल्या नाहीत. दोरीखालच्या दगडांपाशी ती जरा वेळ उभी राहिली, चपलेच्या टोकाने एक दगड सरळ केला, आणि मग खुराड्यापुढच्या पाटावर येऊन बसली. एकेकीला मांडीवर घेऊन तिने अंगठा फिरवला. चौथी भांडकुदळ. तिला तिने सोडलं नाही, उचलून सरळ साहेबांच्या हातात दिली.

"सांगा," ती म्हणाली.

साहेबांनी अंगठा छातीवर नेला, तळवा पोटाखाली धरला. भांडकुदळीने त्यांच्या बोटाला चावा घेतला, तरी त्यांनी हात हलवला नाही. नीट वेळ घेऊन त्यांनी ती तपासली.

"बरी आहे," ते म्हणाले.

"किती भरेल?"

"बरी आहे म्हटलं ना."

बायकोने पदराने डोळे पुसले आणि चहा टाकायला ती आत गेली. साहेब कोंबडी हातात धरून तिथेच उभे राहिले.